साराजेव्होतील एका खुनामुळे आपल्या भागातील कापसाचा बाजार का कोसळला? पहिल्या महायुद्धाबद्दल एक प्रश्न

आर्वीकर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात राहतो, घरची शेती पाहतो आणि संध्याकाळी गावातील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना इतिहास शिकवतो. मागच्या आठवड्यात पहिल्या महायुद्धाचा भाग घेत असताना मी नेहमीप्रमाणे गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, साम्राज्यवाद, उग्र राष्ट्रवाद आणि शेवटी साराजेव्होचा खून अशी कारणे फळ्यावर लिहिली. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, खून सोडला तर ही सगळी कारणे १९०५ मध्येही होती आणि १९११ मध्येही होती, मग तेव्हा युद्ध का झाले नाही? आणि १९१४ मध्ये झालेच, तर ते चार वर्षे का चालले?" मला तिच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि ते मी वर्गात मान्य केले.

दुसरा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगत असत. लढाई सुरू झाली त्या वर्षी वेचलेला कापूस घरातच पडून राहिला, कारण घ्यायला कोणी तयार नव्हते. लढाई संपत आली तेव्हा त्याच कापसाला चांगला भाव मिळू लागला, पण तोपर्यंत घरातल्या बायकांसाठी लुगडे घेणे परवडेनासे झाले होते. एकाच युद्धात या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असू शकतात? आणि ज्या युद्धाशी आमचा काडीचाही संबंध नव्हता, ते आमच्या गंजीपर्यंत पोहोचले तरी कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मेळघाटच्या पायथ्याशी (निवृत्त शिक्षक, अचलपूर)

आर्वीकर, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अतिशय नेमका आहे. कारणांची यादी पाठ केली की आपल्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटते, पण परिस्थिती ज्वालाग्राही असणे वेगळे आणि प्रत्यक्ष आग लागणे वेगळे, हा फरक त्या यादीत हरवतो.

आधी त्या वेळी युद्ध का टळले ते पाहू. १९०५ मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात तणाव निर्माण झाला, तेव्हा फ्रान्सचा मित्र रशिया जपानकडून नुकताच हरला होता आणि अंतर्गत बंडाने ग्रासला होता. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्यात जोडला, तेव्हा रशियाला संताप गिळून मागे सरावे लागले. १९११ मध्ये मोरोक्कोवरूनच पुन्हा संकट आले आणि काही आफ्रिकी प्रदेशांची देवाणघेवाण होऊन ते मिटले. १९१२ आणि १९१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धे झाली, तरी मोठ्या सत्ता प्रत्यक्ष उतरल्या नाहीत. म्हणजे दर वेळी कोणी तरी माघार घेतली होती. परंतु प्रत्येक माघारीची सल मागे राहिली, आणि "पुढच्या वेळी मागे सरणार नाही" हा निश्चय प्रत्येक राजधानीत पक्का होत गेला. माझ्या मते १९१४ चे वेगळेपण येथून सुरू होते.

२८ जून १९१४ रोजी बोस्नियातील साराजेव्हो शहरात गाव्ह्रिलो प्रिन्सिप या सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी यांची हत्या केली. ५ जुलै रोजी जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितले की सर्बियाविरुद्ध तुम्ही जे कराल त्याला आमचा पाठिंबा राहील. २३ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांचे निर्वाणीचे पत्र दिले आणि २८ जुलै रोजी युद्ध पुकारले. या वेळी सर्बियाच्या पाठीराख्या रशियाने मागे सरायचे नाकारले आणि ३० जुलै रोजी संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला. तिकडे जर्मन सेनापतींना वाटत होते की रशियाचा सैन्यवाढीचा कार्यक्रम १९१७ पर्यंत पूर्ण होईल, मग त्याला आवरता येणार नाही, म्हणून व्हायचे ते आताच व्हावे.

येथे औद्योगिक युगाचा धागा येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, ती प्रामुख्याने कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी. युरोपात तीच रेल्वे लाखो सैनिक सीमेवर नेण्यासाठी आखली गेली होती. जर्मनीची योजना अशी होती की प्रथम बेल्जियममधून शिरून फ्रान्सला काही आठवड्यांत नमवायचे आणि मग रेल्वेने सैन्य पूर्वेकडे वळवून रशियाशी लढायचे. त्यासाठी हजारो गाड्यांचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने बसवलेले होते, आणि प्रत्यक्ष जमवाजमव सुरू झाल्यावर कोलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांच्या सुमारास एक सैनिकी गाडी जात होती. १ ऑगस्ट रोजी जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मला क्षणभर आशा वाटली की ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहतील, म्हणून त्याने सेनापती मोल्टके याला सारे सैन्य केवळ रशियाकडे वळवण्यास सांगितले. मोल्टकेने उत्तर दिले की हे अशक्य आहे, कारण योजना बदलली तर सैन्य नव्हे, नुसता गोंधळ सीमेवर पोहोचेल. जो देश जमवाजमवीत दोन दिवस मागे राहील तो हरेल, या भीतीमुळे मुत्सद्द्यांच्या हाती बोलणी करण्यासाठी वेळच उरला नाही. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य तटस्थ बेल्जियममध्ये शिरले आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरला.

युद्ध चार वर्षे का चालले, यावर येथील कापूस व्यवसायातील सदस्य माझ्यापेक्षा अधिक चांगले लिहू शकतील.

सरकी आणि रुई (हिंगणघाट)

गुरुजींनी बोलावलेच आहे तर लिहितो. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचे, काम आहे, त्यामुळे या युद्धाकडे मी कापसाच्या बाजूने पाहत आलो आहे.

प्रथम आर्वीकरांच्या आजोबांच्या गोष्टीबद्दल. ती दोन्ही बाजूंनी खरी आहे. युद्धापूर्वी हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते, आणि त्याच्या खालोखाल जर्मनी, बेल्जियम, इटली व ऑस्ट्रिया हे युरोपीय देश. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा लागत असल्यामुळे त्यांचा भर अमेरिकेच्या कापसावर होता. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया शत्रू ठरले, बेल्जियम जर्मनांनी व्यापला, जहाजांचे विमे आणि भाडी भडकली, आणि सप्टेंबरात एम्डेन या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्यानंतर हिंदी महासागरातील वाहतूकही धास्तावली. न्यूयॉर्कचा कापूस बाजार ३१ जुलै रोजी बंद झाला तो नोव्हेंबरपर्यंत उघडला नाही. आपल्याकडे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, म्हणजे १९१४ चा माल बाजारात आला तेव्हा त्याची नेहमीची अर्धी दारे बंद होती. पणजोबांचा कापूस घरात का राहिला, याचे कारण हे आहे.

पुढे चित्र पालटले. मुंबई-नागपूरच्या गिरण्यांना सैन्याच्या कपड्यांची व तंबूंच्या कापडाची मागणी आली, जपानची खरेदी वाढली आणि १९१७-१८ मध्ये कापसाचे भाव खूप चढले. परंतु जहाजांअभावी विलायती कापडाची आवक घटली, त्यामुळे कापडाचे भावही भडकले. १९१३ ते १९१८ या काळात देशातील किमती साधारण दुप्पट झाल्या. रॉकेल, मीठ आणि कापड या तीन गोष्टी शेतकरी विकतच घेतो, आणि नेमक्या त्याच महागल्या. १९१८ मध्ये देशात अनेक ठिकाणी कापडाची दुकाने लुटली गेली आणि सरकारला गरिबांसाठी ठरावीक प्रतीच्या स्वस्त कापडाचा कायदा करावा लागला. कापूस पिकवणाऱ्याच्या घरी लुगडे नसणे याचा अर्थ येथे लागतो. दलाल, अडते आणि गिरण्यांचे मालक यांच्या हाती जो नफा राहिला, तो शेतकऱ्यापर्यंत फार थोडा उतरला, आणि १९२० नंतर भाव कोसळले तेव्हा तोटा मात्र पूर्ण उतरला. आमच्या व्यवसायातील माणूस असूनही मी हे लिहितो, कारण ते खरे आहे.

आता युद्ध लांबले कसे, हा प्रश्न. कापसाचा दुसरा उपयोग पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक नसतो. नत्राम्ल (नायट्रिक ॲसिड) आणि गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) यांच्या मिश्रणात स्वच्छ कापूस भिजवला की त्याचा स्फोटक कापूस बनतो. १८४६ मध्ये बाझेल येथील शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने तो शोधला, आणि पहिल्या महायुद्धातील बंदुकीच्या व तोफेच्या बिनधुराच्या दारूचा तो आधार होता. सरकीवर जी बारीक लव उरते, तीही त्यासाठी चालते. म्हणून ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटनने कापूस हा शत्रूला नेण्यास पूर्णपणे निषिद्ध माल ठरवला. जर्मनीने मग लाकडाच्या लगद्यापासून काम भागवले.

परंतु दारूला नुसता कापूस पुरत नाही, नत्राम्ल लागते, आणि त्यासाठी त्या काळी चिलीमधून सोरा आणावा लागत असे. ब्रिटिश नौदलाने समुद्र अडवला तेव्हा जर्मनीचा दारूगोळा काही महिन्यांत संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण फ्रिट्झ हाबर याने हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची रीत शोधली होती आणि कार्ल बॉश याने १९१३ मध्ये ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू केला होता. आपण दर खरिपात पऱ्हाटीला देतो तो युरिया याच रीतीच्या अमोनियापासून होतो. जी रीत आज जगाचे पोट भरते, त्याच रीतीने जर्मनीला चार वर्षे तोफा डागता आल्या. याच हाबरच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीन वायू सोडण्यात आला. पुढे अमोनियाच्या शोधासाठी त्याला १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. युरियाची थैली उचलताना मला अनेकदा हे आठवते.

आणखी एक. आपण रोही आणि रानडुकरे अडवण्यासाठी धुऱ्यावर जी काटेरी तार लावतो, तिचे पेटंट १८७४ मध्ये अमेरिकेतील ग्लिडन नावाच्या एका शेतकऱ्याने गुराढोरांसाठी घेतले होते. युद्धात तीच तार, तिच्या मागे मशीनगन, आणि त्यामागे खंदक अशी रचना झाली. हल्ला करणाऱ्याला उघड्या जमिनीवरून चालत यावे लागे आणि बचाव करणारा जमिनीखाली असे. फ्रान्समधील सोम नदीवर १ जुलै १९१६ रोजी, आधी आठवडाभर सुमारे १५ लाख तोफगोळे टाकूनही, ब्रिटिशांचे एका दिवसात १९,२४० सैनिक मेले आणि जखमींसह एकूण हानी ५७,४७० होती. मारण्याची साधने कारखान्यांतून अखंड येत होती, मरणाऱ्यांच्या जागी नवी माणसे रेल्वेने येत होती. दोन्ही बाजूंकडे हे दोन्ही असल्यामुळे कोणालाच लवकर जिंकता आले नाही आणि कोणी लवकर हरलेही नाही. फ्रान्स व बेल्जियममधील शेतकऱ्यांच्या नांगराला आजही न फुटलेले गोळे लागतात, हे वाचल्यापासून मला त्या शेतांबद्दल विशेष वाटते.

खाणीशेजारचा वाचक (रामटेक)

कापसाबरोबर मँगनीजचाही उल्लेख व्हावा. पोलाद बनवताना मँगनीज लागतेच, आणि युद्धापूर्वी जगाला ते मुख्यतः रशियातील जॉर्जिया प्रांतातून व हिंदुस्थानातून मिळत असे. १९१४ मध्ये तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली, त्यामुळे काळ्या समुद्रावरून जाणारे जॉर्जियाचे मँगनीज ब्रिटनला मिळेनासे झाले, आणि मध्यप्रांतातील खाणींचे महत्त्व वाढले. मानसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी आज मॉयल ही सरकारी कंपनी चालवते, पण त्या इंग्रज कंपन्यांच्या काळातल्या आहेत. ब्रिटिश सैनिकांना १९१५ च्या अखेरीपासून जे लोखंडी शिरस्त्राण मिळाले, ते मँगनीजयुक्त पोलादाचे होते. त्यात कोणत्या खाणीचा दगड होता, हे कोणी लिहून ठेवले नाही, पण उन्हात तो फोडणाऱ्या मजुरांपैकी कोणाला ईप्र किंवा सोम ही नावे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.

काळी माती (पांढरकवडा)

वरील सर्व माहिती मोलाची आहे, आणि तरीही मला एका मुद्द्यावर आदरपूर्वक मतभेद नोंदवायचा आहे. रेल्वेचे वेळापत्रक, कारखाने, वायू, तार यांचे वर्णन वाचताना युद्ध हे जणू यंत्रांनी केले, माणसे केवळ त्यात अडकली, असा समज होऊ शकतो. २८ जून ते ४ ऑगस्ट हे सदतीस दिवस होते. सर्बियाने ऑस्ट्रियाच्या बहुतेक मागण्या मान्य केल्या होत्या, ब्रिटनने परिषदेचा प्रस्ताव मांडला होता, आणि तो नाकारणाऱ्या माणसांना नावे आहेत, पदे आहेत. वेळापत्रकही माणसांनीच तयार केले होते, आणि त्याला दुसरा पर्याय न ठेवण्याचा निर्णयही माणसांचाच होता. "व्यापारासाठी युद्ध झाले" हे सोपे उत्तरही मुलांना देऊ नये, असे मला वाटते, कारण १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी हे एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते आणि दोन्हीकडचे पुष्कळ व्यापारी युद्धाला घाबरत होते.

आणि ज्यांना विचारलेच गेले नाही, त्यांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. ब्रिटनने युद्ध पुकारताच हिंदुस्थानही त्यात ओढला गेला, येथील कोणाचीही संमती न घेता. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे सैनिक आणि मजूर म्हणून परदेशी गेली, त्यांतील ७४ हजारांहून अधिक परतली नाहीत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने जेरीस येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी ते सैन्य शरण गेले, आणि पुढे कैदेत वाळवंट तुडवताना अनेक जण मेले. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली गेली आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. सैन्यभरतीची दारे युद्धापुरती उघडून पुन्हा बंद करण्याचा तो अन्याय येथील अनेक घरांनी सोसला आहे.

मेळघाटच्या पायथ्याशी

काळी माती यांचा आक्षेप मला मान्य आहे. माझ्या लिखाणातून वेळापत्रकाला दोष दिल्यासारखे वाटले असेल तर तो माझ्या मांडणीचा दोष समजावा. मला एवढेच म्हणायचे होते की पूर्वी चुकीचा निर्णय सुधारायला महिने मिळत, १९१४ मध्ये तास मिळाले. निर्णय मात्र माणसांचेच होते.

परिणामांबद्दल थोडे लिहितो. जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन आणि तुर्की अशी चार साम्राज्ये कोसळली. सुमारे ९० लाख ते १ कोटी सैनिक मेले. २८ जून १९१९ रोजी, म्हणजे खुनाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, व्हर्साय येथे तह झाला. त्याच्या २३१व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रांवर टाकली, आणि १९२१ मध्ये नुकसानभरपाई १३२ अब्ज सुवर्ण मार्क इतकी ठरली. पश्चिम आशियात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९१६ च्या गुप्त करारानुसार तुर्कांचे प्रदेश वाटून घ्यायचे ठरवले, आणि त्याच्या खुणा आजच्या बातम्यांत रोज दिसतात.

आपल्याकडे टिळकांची होमरूल लीग १९१६ मध्ये स्थापन झाली, तिच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रांत आणि वऱ्हाड होते, आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तिच्यात अग्रभागी होते. टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे आश्वासन ब्रिटिश सरकारकडून ऑगस्ट १९१७ मध्ये मिळाले. १९१९ मध्ये मात्र रौलट कायदा आणि जालियनवाला बाग पदरात पडले. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केले, त्या अधिवेशनाला गावोगावचे शेतकरी का गेले असतील, हे लुगड्याच्या गोष्टीवरून समजते.

आर्वीकर (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ही उत्तरे मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

आणखी एक गोष्ट विचारतो. जात पडताळणीसाठी आम्ही कोतवाल पंजीची, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली होती, ती काल पुन्हा पाहिली. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या पणजोबांच्या एका भावाचा आणि एका बहिणीचा मृत्यू आठ दिवसांच्या अंतराने नोंदलेला आहे, आणि दोन्ही ठिकाणी कारण "ताप" एवढेच लिहिले आहे. त्याच पानावर इतर घरांच्याही अशाच नोंदी आहेत. याचा युद्धाशी संबंध असेल का?

आरोग्यसेविका (सिंदेवाही)

दादा, ती इन्फ्लुएंझाची साथ असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. सैनिकांच्या छावण्या, खंदक आणि जहाजे यांतून ती जगभर पसरली. मुंबई बंदरात ती १९१८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस आली, तेव्हा तिचे रूप सौम्य होते. सप्टेंबरात ती पुन्हा उसळली आणि रेल्वेच्या मार्गाने आतल्या गावांत शिरली. हिंदुस्थानात या साथीने सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे मेली असावीत असा अंदाज आहे, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वांत अधिक हानी झालेल्या भागांपैकी होता. त्याच वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग होते, आणि सैन्याच्या सेवेत गेल्यामुळे डॉक्टरही कमी होते. या साथीत म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे अधिक मेली, त्यामुळे ज्या घरात कापूस वेचायचा होता त्या घरात वेचणारे हातच उरले नाहीत. १९११ ते १९२१ हे हिंदुस्थानच्या जनगणनेतील असे एकमेव दशक आहे ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

"ताप" या शब्दाबद्दलही सांगते. गावातील मृत्यू कोतवाल कळवत असे, आणि त्याच्याकडे पटकी, देवी, प्लेग, ताप अशी मोजकी कारणे असत. नव्या रोगाला रकाना नव्हता, म्हणून तो तापात गेला. आपल्या नकलेत आधीच्या दोन-तीन वर्षांच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तापाच्या किती नोंदी आहेत त्या मोजा आणि १९१८ च्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा. वयाचा रकाना असेल तर तोही पाहा. आपल्या विद्यार्थिनीला हे काम द्यावे, तिच्या गावाचा आकडा तिला स्वतः काढता येईल.